गॅसबत्तीचें मेंटल

ज्या वस्तूच्या उजेडांत आपण चार घटका सुखानें बसतों, ती कोठून आली हें विचारण्याची आपणांस फारशी संवय नाहीं. आमच्या मेडशीस वीज येण्यापूर्वीं लग्नाची वरात गॅसबत्तीच्या प्रकाशांत निघे. तो शुभ्र उजेड एका किरणोत्सर्गी खनिजांतून काढलेल्या राखेचा असे, हें आम्हांस पुष्कळ पुढें ग्रंथांवरून कळलें.

त्या खनिजाचें नांव मोनाझाइट. 'एकटें राहणें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८२९ मध्यें ब्राइटहाउप्टनें तें ठेविलें. कारण त्याचे स्फटिक विरळा व एकेकटे सांपडत. रंग मधासारखा पिंगट, वजन पाण्याच्या सुमारें पांचपट, आणि पोटांत थोरियम. थोरियम किरण टाकतें हें १८९८ मध्यें श्मिट व मेरी क्यूरी यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. तें निम्में सरण्यास सुमारें १४०० कोटी वर्षें लागतात. मेडशीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्या मुदतीपुढें तो कालचें पोर!

हें खनिज आमच्या पाषाणांतलें नव्हे, समुद्रकांठचें. त्रावणकोरहून परदेशीं गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत त्याचे कण शोंबर्ग नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १९०९ मध्यें आढळले, आणि मनवलकुरिचीचा किनारा जगास ठाऊक झाला. तेथील मोनाझाइटांत थोरियमचा ऑक्साइड शेंकडा आठ-नऊ भरतो. त्याच्या क्षारांत भिजविलेली सुती जाळी जाळली कीं उरलेली राखच ज्योतीवर तापून झळकते. ९९ भाग थोरियम व १ भाग सीरियम हें तिचें प्रमाण आउअर फोन वेल्सबाख यानें बसविलें. झळाळी उष्णतेची, किरणोत्सर्गाची नव्हे.

तरी किरणोत्सर्ग राखेंत राहतोच. थोरियमचे मुख्य किरण कातडीनें अडतात. राख श्वासावाटें छातींत गेली तर मात्र तिचे कण आंत घर करितात. एका मेंटलांतील मात्रा अल्प, म्हणून वऱ्हाड्यांनीं भिण्याचें कारण नव्हतें. परंतु फुटलें मेंटल फुंकरीनें झाडून रोज नवें बांधणाऱ्या बत्तीवाल्यास हें कोणी सांगितल्याचें आम्हांस आठवत नाहीं. बत्ती डोक्यावर घेऊन वरातीबरोबर चालणाऱ्या मजुरणींस तर कोण सांगणार?

आतां अनेक मेंटलांत थोरियमऐवजीं यिट्रियम घालतात, आणि मेडशीस घरोघर विजेचे दिवे आहेत. तथापि उजेडाचा जमाखर्च लिहितांना मांडवांत बसलेल्यांचें सुख आणि मांडवाबाहेर बत्ती धरून उभ्या राहिलेल्यांचा श्वास, हीं दोन्हीं एकाच वहींत लिहावीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.