दिसतंय की!

आंधळा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळा गॉगल, पांढरी काठी आणि मिट्ट काळोख. सिनेमावाल्यांनी आपल्याला तेवढंच दाखवलंय. माझा दादा मात्र या फ्रेममध्ये बसत नाही. त्याच्या एका हातात पांढरी काठी असते आणि दुसऱ्या हातात मोबाइल. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात बसून तो आरामात क्रिकेटचा स्कोअर वाचतो. मग कोणीतरी शेजारच्याला हमखास ढोसतं, ‘च्यायला, याला तर दिसतंय की! नुसती नाटकं.’

गंमत अशी, की ते खरं आहे. त्याला दिसतं. पण किती? एक ए-फोर कागद घ्या, त्याची अंगठ्याएवढी जाड नळी करा आणि एका डोळ्याला लावा. दुसरा मिटा. आता संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनचा पूल उतरा. (नका उतरू, खरंच. मी घरातल्या घरात ट्राय केलं, तर टीपॉयने माझी नडगी फोडली.) समोरच्याच्या शर्टाचं बटण स्वच्छ दिसतं, पण त्याच्या पायाशी ठेवलेली बॅग दिसत नाही. दादाचं जग म्हणजे ती नळी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची व्याख्या आहे, त्यात नजरेचा आवाका दहा अंशांपेक्षा कमी असलेला माणूसही येतो. मग तो पेपर का वाचेना!

आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आम्ही घरात नुसतं ‘आरपी’ म्हणतो, जणू ओळखीतले कोणी गृहस्थ आहेत. जनुकांतून येतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरतात. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेकडेचं, आणि मधलं सगळ्यात शेवटी. लहानपणी लोडशेडिंग झालं की दादा जागचा हलायचा नाही. सगळी बिल्डिंग त्याला घाबरट म्हणायची. आता त्याचा अर्थ लागतो.

तो अकाउंट्सचा माणूस. चौतिसाव्या वर्षी कंपनीच्या जिन्यावरून पडला. एचआरने फार गोड बोलून राजीनामा घेतला, ‘तुमच्याच सेफ्टीसाठी’. सरकारी नोकरीत असता तर त्याच कायद्याच्या कलम २०ने त्याला राखलं असतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. खासगीवाल्यांना हे कलम लागू नाही. तुमच्या-माझ्यासारख्या क्यूबिकलवाल्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी.

मग हॉस्पिटलं झाली. काढे, थेंब, एक बाबासुद्धा. अमेरिकेत २०१७मध्ये अशा आजारावरची जीन थेरपी मंजूर झाली तेव्हा वहिनीने मला ऑफिसात फोन करून रडत बातमी वाचून दाखवली. पण ती आरपीईसिक्स्टीफाइव्ह नावाच्या एकाच जनुकासाठी आहे आणि दादाचा घोळ वेगळ्या जनुकात. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘आता काही करता येणार नाही.’ डोळ्यांबद्दल ते बरोबरच होतं. घराने मात्र ते दादाबद्दल ऐकलं. त्याच टेबलावरून कोणी एक चिठ्ठी दिली असती, ‘डोळे राहू देत, पण अमुक ठिकाणी जा, तिथे शिकवतात’, तर त्याची दोन वर्षं वाचली असती. माझा राग आहे तो यावर. आणि तो अजून गेलेला नाही.

कारण त्या दोन वर्षांत त्याला कोणी काही करू दिलं नाही. पाणी हातात. ताट हातात. आई चहात साखर ढवळूनसुद्धा द्यायची! इतक्या मायेने माणूस किती पटकन वस्तू होतो, हे मी पाहिलंय. दादा बारीक झाला, मग गप्प झाला. वहिनी ऑफिसमधून यायची तेव्हा तो अंधारातच बसलेला असायचा. म्हणायचा, ‘दिवा लावून काय फरक पडतो?’

वहिनीच्या बँकेत फोन सांभाळणारा एक अंध सहकारी होता. त्यानेच तिला झापलं. म्हणाला, ‘मॅडम, त्यांना डोळ्यांचा डॉक्टर नकोय, चालण्याचा मास्तर हवाय.’ मुंबईत अशा संस्था आहेत, आणि जुन्या आहेत. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ची, झेवियर्स कॉलेजातलं अंधांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३चं. पण ज्याच्या घरात वेळ येत नाही त्याला पत्ता माहीत नसतो.

दादाचा काठीला ठाम नकार. ‘काठी घेतली की सगळ्यांना कळेल.’ सर स्वतः जन्मांध. ते शांतपणे म्हणाले, ‘कळू देच. काठी पांढरी केलीय ती त्यासाठीच.’ १९२१मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज नावाच्या फोटोग्राफरने, अपघातात डोळे गेल्यावर, गाड्यावाल्यांना दिसावं म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. पण ती नुसती मिरवायची नसते. तिचं तंत्र आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी बसवलं. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकतं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. ऐकायला सोपं. दादाला हे अंगात भिनवायला तीन महिने लागले, आणि तेसुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधून, कारण उरलेली नळीभर नजर सारखी मधे लुडबुडायची.

तिथे स्वयंपाकघरही शिकवतात. कपाच्या काठावर बोट ठेवून ओतायचं, गॅसची ज्योत आवाजावरून आणि धगीवरून ओळखायची. एका रविवारी दादाने घरी जाहीर केलं, ‘चहा मी करणार.’ काडी ओढल्याचा आवाज आला तेव्हा आई ओट्याला पाठ करून उभी राहिली. पुढे जायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं असणार, पण बघायचीही हिंमत नव्हती. चहा झाला. साखर जास्त होती. आई पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली, ‘एवढी साखर कोण घालतं रे?’ आणि दादा चक्क हसला.

कॉम्प्युटरचं काम त्यामानाने भराभर झालं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो २००६मध्ये सुरू केला. दादा एक्सेल माउसशिवाय चालवतो. बाई इतक्या स्पीडने बोलते की मला ती भांडतेय असं वाटतं, त्याला प्रत्येक आकडा कळतो. दीड वर्षापूर्वी त्याला नोकरी लागली, जीएसटी रिटर्न्सची. तक्रारी आहेतच. नाव न दिलेली बटणं, ज्यावर बाई नुसतं ‘बटन, बटन, बटन’ करते. आणि नोटा! शंभर, दोनशे, पाचशे, तिन्ही सारख्याच रुंद, लांबीत एकीपेक्षा दुसरी चारच मिलिमीटर मोठी. खुणा उठावदार असतात, पण नोट जुनी झाली की त्या सपाट. एकदा बँकेच्या अ‍ॅपने केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितलं. फ्रेममध्ये चेहरा आहे की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने मिचकवायचं कुठे बघून? ३० एप्रिल २०२५ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सगळ्यांना जमेल असं करायला सांगितलं.

जाता जाता एक. रस्त्यात कोणी काठीवाला दिसला तर प्लीज त्याचा हात धरून ओढू नका. विचारा, ‘सोबत येऊ का?’ हो म्हणाला तर आपला कोपर पुढे करा. तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. तुमच्या हालचालीवरून पायरी आली, वळण आलं, सगळं त्याला कळतं. आणि फुटपाथवरच्या त्या पिवळ्या लाद्या डेकोरेशन नाहीत. लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. त्यावर बाइक लावलीत तर दादाची काठी तुमच्या सायलेन्सरवर वाजेल, आणि तो सॉरी म्हणणार नाही.

नळी अजून बारीक होतेय. मागच्या तपासणीत ते कळलं, आणि घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी दादाने ब्रेलच्या क्लासला नाव घातलं. म्हणतो, शेवटचा आकडा दिसतोय तोवर बोटांना तयार करतो. बोटं अजून मंद आहेत, एका ओळीला पाच मिनिटं लागतात. सराव म्हणून तो सोसायटीच्या लिफ्टमधली बटणं वाचायला गेला, तर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे ब्रेल स्टिकर उलटसुलट चिकटवलेले. आमच्या लिफ्टमध्ये ते कधीपासून होते देव जाणे. त्याने चेअरमनना रीतसर पत्र दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.