करंगळीचा भार

भोपाळच्या एम. पी. नगरात कोचिंग क्लासची एवढी गर्दी आहे, की कीबोर्ड दुरुस्तीचं काम करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. माझ्याकडे येणारे लोक दोन प्रकारचे. एक सीपीसीटीवाले. सीपीसीटी म्हणजे मध्य प्रदेश सरकारची संगणक-प्रावीण्य परीक्षा. 2016 पासून इथल्या कारकुनी नोकरीची वाट तिच्यातूनच जाते. तिच्यात मिनिटाला इंग्रजी 30 आणि हिंदी 20 शब्दांचा वेग लागतो. दुसरे गेमवाले. त्यांना व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये समोरच्याच्या आधी थांबायचं असतं आणि आधी गोळी झाडायची असते. मागणी मात्र दोघांची एकच: ‘‘भाई, हल्का वाला स्विच दे दो.’’ स्विच म्हणजे बटणाखालचा स्प्रिंगवाला खटका.

हलका म्हणजे किती, असं विचारलं की दोघंही खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतात. या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही.

चेरी कंपनीचा एमएक्स रेड हा स्विच घ्या. 2008 साली आला, आणि आज निम्मी दुनिया त्याच्याच नकला वापरते, कारण चेरीची जुनी पेटंटं संपली आणि चिनी कारखान्यांना रान मोकळं मिळालं. रेडवर 45 सेंटिन्यूटन लिहिलेलं असतं. सेंटिन्यूटन म्हणजे व्यवहारात एक ग्रॅमच समजा, फरक दोन टक्क्यांचा. पण हे 45 कुठले? बटण 2 मिलिमीटर खाली गेल्यावर अक्षर उमटतं, त्या क्षणाचे. बोट ठेवून दाबायला सुरुवात करताना तिथे 30च्या आसपास जोर असतो आणि तळाला, म्हणजे 4 मिलिमीटरवर, तो 60पर्यंत जातो. स्प्रिंग जितकी दबते तितकी उलट ढकलते, शाळेतला हूकचा नियम. म्हणजे एकाच स्विचची तीन वजनं, आणि खोक्यावर छापलेलं त्यातलं मधलं. सुटी स्प्रिंग विकणारे बहुतेक जण तळाचं वजन लिहितात. त्यामुळे 45चा स्विच काढून ‘जरा जड’ म्हणून 62ची स्प्रिंग टाकणाऱ्याला फरक काहीच जाणवत नाही आणि तो माझ्याशी भांडायला येतो.

घरी मोजून पाहायचं असेल तर दहा रुपयांची नाणी घ्या. एक नाणं साधारण 7.7 ग्रॅमचं. नाणं बटणापेक्षा मोठं असतं, म्हणून शेजारच्या बटणांच्या टोप्या आधी काढून ठेवा, नाहीतर नाणं त्यांच्यावरच टेकेल. नोटपॅड उघडा आणि हलक्या हाताने एकावर एक नाणी ठेवत जा. सहाव्या नाण्याला अक्षर उमटलं तर स्विच 46च्या आतबाहेरचा, आठव्याला उमटलं तर 62चा. अक्षर उमटल्यावरही नाणी ठेवत राहा, म्हणजे तळाचा अंदाज येतो. प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे हे, पण खोक्यापेक्षा खरं. एकाच बोर्डावरची चार बटणं मोजलीत तर चारांत फरक निघेल. स्वस्त बोर्डात तो जास्त.

आता हलक्याचा हट्ट. तो अगदीच चुकीचा नाही. मिशिगन विद्यापीठातल्या थॉमस आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये टंकलेखकांच्या बोटांचा जोर मोजला, तेव्हा बटणाला लागतो त्याच्या अडीच ते जवळजवळ चौपट जोर लोक लावतात असं दिसलं. बटण हलकं असेल तिथे लावलेला जोरही कमी होता. म्हणजे जड बटणावर दिवसभर काम करणारा माणूस बटणाशी कमी आणि बटणाखालच्या तळाशी जास्त झुंजत असतो. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेले लोक आजही लॅपटॉपवर हातोडा मारल्यासारखे टाइप करतात. वल्लभ भवनातून, म्हणजे आमच्या मंत्रालयातून, निवृत्त झालेल्या माणसाच्या घरचा कीबोर्ड मी आवाजावरून ओळखतो.

पण हलक्यालाही खालची मर्यादा आहे. 35 ग्रॅमच्या स्विचवर बोट नुसतं विसावलं तरी अक्षर पडू शकतं. टायपिंगमध्ये ते खोडता येतं, गेममध्ये नाही. शिवाय गेमवाले एक गोष्ट विसरतात. दाबण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं असतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये डावीकडे पळताना अचूक गोळी मारायची तर ए सोडून क्षणभर डी दाबावा लागतो. ए चं बटण वर यायला उशीर झाला की पाय थांबत नाहीत आणि गोळी भिंतीत जाते. बटण वर आणण्याचं काम स्प्रिंगचं. ती फार मऊ असली की बटण आळसावतं, त्यात धूळ आणि वाळलेलं वंगण असेल तर आणखीच. (भोपाळमध्ये सुपारीचे तुकडेही धरा. माझ्या टेबलावर उघडलेल्या बोर्डांतून जेवढी सुपारी निघते तेवढ्यात एक पानाची टपरी चालेल.) म्हणून चालण्याच्या चार बटणांसाठी मी तळाला 60-65 देणारी स्प्रिंग सांगतो. खटखट आवाजाचे ब्लू स्विच गेमला नकोच. त्यात अक्षर उमटण्याची जागा आणि सुटण्याची जागा वेगळी असते, त्यामुळे भराभर दुहेरी दाबताना बोट अडखळतं.

हल्ली चुंबकी स्विचांची लाट आहे. वूटिंग कंपनीने लोकप्रिय केलेल्या या प्रकारात अक्षर किती खोलीवर उमटावं ते सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं, अगदी 0.1 मिलिमीटरवरही, आणि बटण जरा वर आलं की ते सुटलं असं धरलं जातं. मुलांना वाटतं की सॉफ्टवेअरने वजनही कमी केलं. स्प्रिंग तीच असते. फक्त तुम्ही ती तिच्या सर्वांत मऊ टप्प्यावर वापरता. बोट जड असलेल्याने 0.1 ठेवलं की पात्र आपोआप चालायला लागतं आणि दोष बोर्डाला जातो. या यंत्रणेचा पुढचा डाव असा, की दोन विरुद्ध दिशांची बटणं एकदम दाबली तर शेवटचं तेवढं खरं मानायचं. ऑगस्ट 2024 मध्ये व्हॉल्व्ह या निर्मात्या कंपनीने काउंटर-स्ट्राइक 2च्या आपल्या सर्व्हरांवर त्याला बंदी घातली. माझ्या मते योग्य केलं.

मात्र खरी अडचण वेगळ्याच बोटाची आहे. गेमवाल्याची डावी करंगळी शिफ्टवर असते. व्हॅलोरंटमध्ये पावलांचा आवाज न करता चालायचं तर शिफ्ट धरून ठेवावा लागतो. दाबणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं. धरताना बटण तळाला असतं, म्हणजे रेडचे 45 नव्हेत, पूर्ण 60 करंगळीवर, तेही सारखे. तासभर खेळून मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणणाऱ्या मुलाला मी आधी शिफ्टची स्प्रिंग दाखवतो.

आणि देवनागरी लिहिणाऱ्याची करंगळी? इथे महाराष्ट्रातल्या वाचकांनीही आपले हात पाहावेत. इन्स्क्रिप्ट रचनेत मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. रचना हुशार आहे, दोन्ही हात पाळीपाळीने चालतात. पण इंग्रजी लिहिताना उजव्या करंगळीकडे पी एवढंच एक अक्षर येतं. इन्स्क्रिप्टमध्ये तिच्याकडे च, ट, ज, ड, य येतात आणि शिफ्टसकट छ, ठ, झ, ढही. मराठीत ‘चा, ची, चे’शिवाय चार शब्द पुढे सरकत नाहीत, आणि प्रत्येक च करंगळीचा. शिवाय अ, आ, इ, ई, उ, ए, ओ ही सुटी स्वरअक्षरं आणि ण डाव्या हाताने शिफ्टसह लिहायचे, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने धरायचा. ‘आणि’ लिहून पाहा, दोनदा उजवा शिफ्ट. ‘मराठीचा’ लिहा, ठ आणि च दोन्ही तिच्याच वाट्याला. रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्यांची यातून सुटका आहे. पण सीपीसीटीत हिंदीसाठी इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल, तिसरा पर्याय नाही.

तेव्हा सगळ्या बोर्डाला एकच वजन कशाला? जपानच्या टोप्रे कंपनीने हे फार पूर्वी ओळखलं. तिच्या रिअलफोर्स कीबोर्डांत करंगळीची बटणं 30 ग्रॅमची आणि बाकीची बरीचशी 45ची असलेली आवृत्ती मिळते. तो बोर्ड महाग आहे, पण कल्पना फुकट आहे. ज्या बोर्डातले स्विच डाख न लावता काढता-घालता येतात, त्यात च, ट, ज, ड, यची बटणं आणि दोन्ही शिफ्ट तळाला 45-50 देणाऱ्या स्प्रिंगवर आणा. बाकी अक्षरं 60-65वर राहू देत. अंगठा दमदार असतो, स्पेसबार 70चा चालेल. एक सावधगिरी बाळगा: शिफ्टच्या लांब बटणाखाली तोल सांभाळणारी तार असते. ती कोरडी किंवा वाकडी असली तर हलक्या स्प्रिंगला बटण वर उचलता येत नाही, आणि पुढचं सगळं वाक्य शिफ्टमध्ये जातं. आधी तार सरळ करून तिला वंगण द्या, मग स्प्रिंग बदला.

दोन्ही कामं करणाऱ्याने एकच बोर्ड घ्यायचा असेल, तर अक्षर 45-50वर उमटणारा, मध्ये अडथळा नसलेला सरळ स्विच घ्यावा आणि वरच्याप्रमाणे करंगळीची बटणं हलकी करून घ्यावीत. गेटेरॉन यलो हा स्विच या कामाला पुरतो आणि खिशालाही परवडतो.

परीक्षेच्या उमेदवारांना मात्र माझा सल्ला धंद्याच्या विरुद्ध आहे. परीक्षा केंद्रावर बहुधा साधे रबरी पडद्याचे कीबोर्ड असतात. त्यात जोर सुरुवातीलाच जास्त लागतो, मग रबर एकदम बसतं आणि अक्षर अगदी तळाशी उमटतं. यांत्रिक स्विचवर निम्म्यात थांबायची सवय लागलेलं बोट तिथे अक्षरं गाळतं, आणि गाळलेलं अक्षर म्हणजे चुकलेला शब्द. तुमची तारीख दोन महिन्यांच्या आत असेल तर माझ्याकडे येऊ नका. कुठल्याही दुकानातून सर्वांत साधा कीबोर्ड घ्या, रोज तासभर त्यावरच हात चालवा, आणि नोकरी लागली की मग स्विचचं बोलू.