जुनी रॅम, नवा प्रोसेसर आणि एक खाच

गणपतीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेचा एकुलता एक संगणक चालूच झाला नाही. मदरबोर्ड गेला होता. आतला प्रोसेसर सातव्या पिढीचा आय-थ्री. त्याला चालणारा जुना बोर्ड कुठेतरी मिळालाही असता, पण तो प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही आणि विंडोज 10 ची मोफत अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होती. म्हणून नवा प्रोसेसर आणि नवा बोर्ड घ्यायचं ठरलं. पैसे लोकवर्गणीचे. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे.

रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या मात्र ठणठणीत होत्या. डीडीआर4, 2400 वेगाच्या. त्या वापरल्या तर पैसे वाचणार होते. मी डी.एड. झालेली, हार्डवेअरचा कोर्स काही केलेला नाही. बाराव्या पिढीचा आय3-12100 डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्ही चालवतो एवढं वाचलं आणि निश्चिंत झाले. (नावापुढे एफ असलेला घेऊ नका बरं का, त्यात डिस्प्ले नसतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं.)

चूक इथेच झाली. प्रोसेसर दोन्ही चालवतो, पण बोर्डावर सहसा एकाच प्रकारच्या रॅमची जागा असते. एच610 चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. मी खोक्यावरचं नीट न वाचता डीडीआर5 चा बोर्ड घेऊन आले.

चौथीची मुलं टेबलाभोवती उभी. मी पट्टी बसवायला गेले तर बसेना. लांबी तर तेवढीच दिसत होती! अंगठ्याने जोर लावणार तेवढ्यात पुढे उभा असलेला मुलगा म्हणाला, "बाई, दाबू नका. खाच बघा की, तिकडं सरकलीय."

खरंच सरकली होती. दोन्ही पट्ट्यांना पिना 288 च, पण खाच मुद्दाम थोडी वेगळ्या जागी असते, चुकीची रॅम बसूच नये म्हणून. डीडीआर4 ला 1.2 व्होल्ट लागतात, डीडीआर5 ला 1.1, शिवाय आतली रचनाही वेगळी. जोर केला असता तर पट्टी आणि बोर्ड दोन्ही गेलं असतं, वर्गणीसकट.

दुकानदाराने बोर्ड बदलून दिला. एसटीचं भाडं आणि एक किरकोळ रजा माझी गेली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हे सगळं स्वतःच सांगितलं. लपवून उपयोगही नव्हता, मुलं घरी सगळं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या टक्कन बसल्या, पण पडदा काळा. बटण बंद केलं, वायर काढली, पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, पुन्हा लावल्या. आता मिनिटभर थांबले. नव्या बोर्डावर पहिल्यांदा सुरू करताना रॅम ओळखायला वेळ लागतो, हे मला आधी माहीत नव्हतं. मग पडदा उजळला. त्यामुळे खोडरबरने काम झालं की थांबल्याने, सांगता येणार नाही.

प्रोसेसर 3200 पर्यंतची डीडीआर4 रॅम चालवतो, आमची 2400 वरच चालते. एका पालकांनी विचारलं, मग नवा घेऊन काय फायदा? पण धड्यांचे व्हिडिओ आणि ऑनलाइन माहिती भरताना हा फरक जाणवत नाही, प्रोसेसरचा मात्र जाणवतो. उद्या जास्त वेगाची पट्टी शेजारी लावली तरी दोन्ही कमी वेगानेच चालतील, तेव्हा त्यात पैसे घालू नका.

एएमडीचे एएम5 बोर्ड फक्त डीडीआर5 घेतात, म्हणजे पुढच्या खेपेला या पट्ट्या बहुधा चालणार नाहीत. तेव्हा त्या विज्ञान कोपऱ्यात जातील. सध्या तिथे जुना बोर्ड ठेवलाय. पट्टीचा फोटो मोबाईलवर मोठा करून मुलांनी एका बाजूच्या पिना मोजल्या. तीनदा चुकले, चौथ्यांदा 144 आल्या. 144 गुणिले 2 अजून फळ्यावर तसंच आहे.