काचेचा डोळा

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात वस्तूंचा न्यायनिवाडा सुरू होतो, आणि दर वर्षी आरोपी म्हणून माझी एक सागवानी पेटी उभी केली जाते. पेटीत लाकडाचे मासे आहेत. "घरात कधी मासा शिजला नाही, नदीवर कोणी गळ टाकला नाही, मग हे मत्स्यावतार सांभाळायचे कशाला?" हा सौभाग्यवतींचा सवाल. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. उत्तर देता आले असते तर त्याला छंद कोणी म्हटले असते?

हे मासे खेळण्यातले नव्हेत. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावण्याऐवजी रंगवलेला लाकडी मासा बांधायचा, तो पाण्यातून ओढायचा, आणि खऱ्या माशाने भक्ष्य समजून त्यावर झडप घालायची, अशी ही युक्ती. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा एक गृहस्थ होता. त्याने बसल्या बसल्या कोरलेला लाकडाचा तुकडा पाण्यात फेकला आणि एका माशाने तो झपकन धरला, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्यातून कारखाना उभा राहिला.

आमच्या परतवाड्याला ना समुद्र, ना सरोवर. इथले नाव सागवानाचे. पण इथून निघालेला घटांगचा रस्ता मेळघाटात सेमाडोहला सिपना नदीपाशी उतरतो, आणि मेळघाटच्या पाण्यात महसीर आहे. महसीर म्हणजे इंग्रज साहेबाचा जीव की प्राण! एच. एस. थॉमस नावाच्या साहेबाने तर १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर जाडजूड ग्रंथच लिहिला. साहेब १९४७ साली गेले. १९७४ पासून मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला. तिथे आता गळ टाकता येत नाही. मागे राहिले ते कुणाच्या तरी अडगळीतले हे लाकडी मासे.

त्यांची पारख करायची तर आधी डोळे पाहावेत. जुन्या चांगल्या मालाला काचेचे डोळे असत. पुढे खर्च वाचवण्यासाठी नुसता रंगाचा ठिपका आला. मग रंग पाहावा. थरावर थर दिलेला जुना रंग बारीक जाळीसारखा तडकतो. त्यावर कोणी हौसेने नवा हात फिरवला असेल तर संग्राहकाच्या लेखी तो मासा मेला! शेवटी पाहावी गळ अडकवायची कडी आणि धातूची पाती. कारखान्याचे नाव बहुधा तिथेच सापडते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अचलपूरच्या रस्त्यावर एका ओसरीपुढे एक पोरगा सुतळीला बांधलेला मासा फरफटत नेत होता. उन्हात त्याचा डोळा चमकला. काच! माझ्या छातीत धडधडू लागले. मी तसाच बाजारात गेलो, साठ रुपयांची लाल मोटार घेऊन आलो आणि पोरापुढे ती भर्रकन फिरवली. सौदा एका क्षणात झाला.

घरी भिंगाखाली पातीवरची अक्षरे उमटली : क्रीक चब कंपनी, गॅरेट, इंडियाना. सोबत ७ सप्टेंबर १९२० ही तारीख. ही तारीख पेटंटची, माशाच्या जन्माची नव्हे, एवढे मला कळत होते. त्याची किंमत माझ्या मोटारीच्या कितीतरी पट होती, हेही कळत होते.

रात्री झोप येईना. रंगवलेली, चकचकीत, फिरणारी वस्तू मी एका जिवापुढे नाचवली आणि त्याने झडप घातली. मग गळ टाकणारा कोण होता?

सकाळी मासा घेऊन त्या ओसरीवर गेलो. पोराची आजी बसली होती. म्हटले, "आजी, हा मासा मी पोराला भुलवून नेला. याचे मोल मोठे आहे. पैसे घ्या, नाही तर मासा ठेवा."

"पैसे कायचे, भाऊ? मी त रातभर शोधून राहिली याले. हा आमच्या मामंजीचा हाये." ती आत गेली आणि एक डबी घेऊन आली. डबीत एक गळ होता, चेपून सपाट झालेला. "सेमाडोहाले साहेबासंग गेले होते. लय मोठा मासा लागला, अन् गळ असा चेपून सुटून गेला. साहेब हासला, अन् हे दोन्ही त्याईलेच देऊन टाकलं."

महसीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि तिथे पोलादी गळही चेपतो. हे मी पुस्तकात वाचले होते. तळहातावर त्या दिवशी प्रथमच पाहिले. पातीवरचे सातासमुद्रापलीकडचे गाव मी भिंग लावून वाचले. दहा पावलांवरचे घर वाचायचे मात्र राहून गेले होते.

आजीने मासा खुंटीला टांगला. मोटार पोराकडेच राहिली.

यंदाही पेटी उघडली गेली. "हा कप्पा रिकामाच आहे की! यात माझे सुईदोरे ठेवू का?" सौभाग्यवतींनी विचारले. मी नको म्हटले. बाकीच्या कप्प्यांत कारखाना आणि साल लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. या कप्प्यातही एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिले आहे : मुक्काम अचलपूर रस्ता, ओसरीची खुंटी.