घात झाला!

मराठीत 'घात' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दगाफटका आणि दुसरा गुणाकार. फर्स्ट इयरला एम-वनच्या पेपरात बऱ्याच जणांचा पहिल्या अर्थाने घात होतो, तो दुसरा अर्थ कळलेला नसतो म्हणून.

माझ्या रूम पार्टनरच्या बाबतीत हा विनोद नव्हता. एम-वन निघाला नाही तर त्याचं वर्ष जाणार होतं आणि घरून निरोप आला होता, "मग परत ये, शेती बघ." गडी हुशार, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पण सर फळ्यावर "रेज्ड टू एम, रेज्ड टू एन" म्हणत सुटले की हा नुसता उतरवून घ्यायचा. फॉर्म्युले सगळे पाठ. तरी पी.एल.मध्ये त्याने २ चा घन गुणिले २ चा वर्ग याचं उत्तर लिहिलं, २ चा सहावा घात. म्हणाला, "बेरीज कधी, गुणाकार कधी, ऐनवेळी आठवतच नाही रे."

मी म्हटलं, आठवू नकोस, मोज. घन म्हणजे तीन दोन, वर्ग म्हणजे दोन दोन. एकमेकांना गुणले की झाले पाच. आणि घनाचाच वर्ग केला तर? तीन-तीनचे दोन गट, सहा. (दोघांची नुसती बेरीज असेल तर नियमबियम काही नाही. आठ अधिक चार, बारा. इथे भलेभले फसतात.)

गंमत म्हणजे आपल्या जुन्या बीजगणितात हे नावातच होतं. चौथ्या घाताला 'वर्गवर्ग' म्हणत, सहाव्याला 'वर्गघन'. मग पाचव्याला? 'वर्गघनघात', म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार. एक शब्द वाढला की घातांकांची बेरीज, नाहीतर गुणाकार! हे ऐकल्यावर पठ्ठ्या खाटेवर उठूनच बसला. "अरे, हे तर मराठीत आहे!"

शून्य घाताला मात्र तो अडला. "दोन एकदाही घेतला नाही, तर उत्तर एक कसं? शून्य पाहिजे." शंका रास्त आहे. मग ३२, १६, ८, ४, २ असं लिहिलं. घातांक एकाने उतरतो, संख्या निम्मी होते. आणखी एक पायरी उतरलो की १, त्याखाली अर्धा, मग पाव. म्हणजे आधीचा हिशोब मोडू नये म्हणून ते एक मानायचं, कुणी हुकूम सोडलाय म्हणून नव्हे. निकोला शुके या फ्रेंच माणसाने १४८४ सालच्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक वापरले होते. ते बिचारं हस्तलिखित जवळजवळ चारशे वर्षं छापलंच गेलं नाही. जर्नल वेळेवर सबमिट न करणाऱ्यांनी धीर धरावा!

९ चा निम्मा घात म्हणजे ३, हे त्याने स्वतःच काढलं. निम्मा आणि निम्मा मिळून एक, म्हणून. रात्रीचे दोन वाजले होते. मग त्याने विचारलं, "शून्याचा शून्यावा घात?" कॅल्क्युलेटर म्हणाला, मॅथ एरर. मी म्हटलं, ते पुढे 'इनडिटरमिनेट फॉर्म्स'मध्ये येतं, आता झोप.

सकाळी उठलो तर हा तेच प्रकरण उघडून बसलेला. एम-वन निघाला. ४७ मार्क.