होडीत बसण्यापूर्वी

माझे थोरले बंधू अमेरिकेत टेनेसी राज्यात राहतात, वय 69. डेल हॉलो या धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाचे त्यांना वेड. स्मॉलमाउथ बास जातीचा जागतिक विक्रमाचा मासा, सुमारे 5.4 किलोचा, 1955 साली याच पाण्यात गळाला लागला. वसंतात हे मासे अंडी घालण्यास काठाजवळ येतात, म्हणून दादांचा बेत एप्रिलचा.

फोनवर मी लाईफ जॅकेटविषयी बजावले. गार पाण्यात अचानक पडल्यास पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. मग सहज विचारले, "दिवसभर होडीत, लघवीचे काय?"

दादा क्षणभर गप्प. "त्या दिवशी ती गोळी घेत नाही रे. पाणीही पीत नाही."

हृदय दुर्बल झालेल्या माणसाची ती गोळी! ती चुकवली, तर पायांवर सूज आणि रात्री धाप. रुग्णांना मी हे नेहमी विचारतो. सख्ख्या भावाला कधी विचारले नव्हते. आपल्या घरचे ज्येष्ठ यात्रेला निघाले, तर आपणही विचारा. शक्यतो एकांतात, कारण चारचौघांत ते सांगणार नाहीत.

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गोळीची वेळ बदलून दुपारची, परतल्यानंतरची ठरवून दिली. होडी आता पहाटे निघेल, मध्ये दोनदा काठाला लागेल. पुतण्या सोबत आहे.