उपाशी जीव

टॅरंटुला पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त घोर कशाचा लागतो? ती चावेल याचा नाही, पळून जाईल याचाही नाही. ती जेवत नाही याचा.

माझ्याकडच्या कोळिणीचं नाव हिल्डा. लाइपझिगमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी शिकायला दुसऱ्या देशात गेली, तेव्हा काचेच्या पेटीसकट तिला माझ्या हवाली करून गेली. चिलीयन रोझ जातीची प्रौढ मादी. तळहाताएवढी, तपकिरी, अंगावर गुलाबीसर झाक. दहा-बारा दिवसांनी एक रातकिडा आणि वाटीत कायम पाणी, एवढाच तिचा संसार.

तिचं जेवण बघण्यासारखं असतं. ती रातकिड्याला सुळ्यांनी धरते, विष सोडते, मग त्याच्यावर पाचक रस सोडत त्याला चेचत राहते आणि विरघळलेला भाग शोषून घेते. म्हणजे पचन आधी, गिळणं नंतर. काही तासांनी उरतो तो चोथ्याचा एक छोटा गोळा.

ऑक्टोबरमध्ये हे सगळं थांबलं. रातकिडा अंगाला घासून गेला तरी ती फक्त पाय उचलून बाजूला ठेवायची. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "खाल्लं का गं तिनं?"

"नाही."

"अगं, उपाशी जीव घरात ठेवू नये. दुसरं काहीतरी घालून बघ."

आमच्या घरात कुणी जेवलं नाही की दोनच शक्यता असतात. आजारी आहे, नाहीतर रुसलंय. टॅरंटुलाच्या बाबतीत ही यादी बरीच लांब आहे.

पहिलं कारण कात. कात टाकण्याआधी त्या खाणं सोडतात. पोटावरचे केस झडून टक्कल पडलं असेल तर ते गडद होत जातं. मग एक दिवस ती चक्क उताणी पडते. नवखा माणूस घाबरतो, पण तेव्हा हात लावायचा नसतो. न खाल्लेला रातकिडाही आधीच काढून घ्यायचा, कारण त्या अवस्थेत तोच तिला कुरतडू शकतो. कात टाकल्यावर सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते कडक होईपर्यंत, म्हणजे मोठ्या कोळिणीला निदान आठवडाभर, पुन्हा उपास.

दुसरं कारण नर असणं. शेवटची कात टाकून नर वयात आला की त्याचं जेवणातलं लक्ष उडतं. तो मादीच्या शोधात फिरत राहतो आणि त्याच्याकडे फार दिवसही उरलेले नसतात. माद्या मात्र वीसेक वर्षं सहज जगतात.

आणि चिलीयन रोझ कधीकधी काहीच कारण न दाखवता महिनोन् महिने खात नाही. बिळाच्या तोंडाशी बसून भक्ष्याची वाट बघणारा हा जीव. हालचाल कमी, शरीराचा खर्चही कमी. पाळणाऱ्यांमध्ये या जातीची ख्यातीच त्यासाठी आहे.

मग काळजी कधी करायची? ताटाकडे नाही, पोटाकडे बघायचं. पोट टुमटुमीत असेल तर थांबायचं. ते आक्रसून सुरकुतलं, तर पाणी तपासायचं. टॅरंटुला पाय लांब करते ते शरीरातल्या द्रवाच्या दाबानं. तो दाब गेला की पाय आत मुडपले जातात, आणि ते लक्षण वाईट. हिल्डाचं पोट गोल होतं. मी थांबले.

जानेवारीत कळलं, साताऱ्याला आजीनंही जेवण कमी केलंय. ती ब्याऐंशी वर्षांची. अर्धी भाकरी, मग पाव, मग नुसतं ताक-भात. "नको वाटतं," एवढंच म्हणायची. सगळे म्हणाले, वय झालं, भूक कमी व्हायचीच. हिल्डासाठी दर रविवारी हळहळणारी आईसुद्धा तेच म्हणाली.

मला ते उलटं वाटलं. जिला महिने न खाता काही होत नाही तिची चिंता, आणि जिला चार दिवसही परवडत नाहीत तिच्याबाबत धीर. कॉलवर मी आजीला हात दाखवायला सांगितलं. मनगटात घट्ट बसणाऱ्या बांगड्या कोपराकडे घसरल्या. मी आईला म्हटलं, "हे वय नाही. उद्याच डॉक्टरकडे ने."

निघालं ते साधंच. कवळी सैल होऊन हिरडीला जखम झाली होती. घास चावला की कळ यायची. नवी कवळी म्हणजे पुन्हा खर्च, म्हणून ती गप्प होती. जखम भरली, कवळी नीट झाली आणि मार्चमध्ये ती भाकरीवर परत आली.

हिल्डानं मेमध्ये रातकिडा पकडला. आठ महिन्यांनी, कात न टाकता. का थांबली होती आणि का सुरू केलं, हे तिचं तिला ठाऊक.

आजीचं कारण मात्र तिच्या तोंडात होतं आणि तिला बोलता येत होतं. तरी ते बाहेर यायला दोन महिने लागले, कारण आम्ही फक्त "जेवलीस का?" विचारत होतो आणि ती "हो" म्हणत होती. आता मी विचारते, "काय जेवलीस? चावता आलं का?" ती वैतागते. मग एकेक पदार्थ सांगते.